पहाटे साडेपाचची गोवंडी

आत्या : तू धावतेस याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती जागेला आणि वेळेला. पालिकेच्या रुग्णालयात मी कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या काढल्यात, याच वॉर्डात. पहाटे चार ते सहा कोण येतं ते मला विचार. कुत्रा चावलेला भाजीवाला, डंपरने उडवलेला सायकलवाला, नशेच्या बटन गोळ्या खाऊन आपसांत ब्लेड मारून घेतलेली पोरं. गोवंडी म्हटलं की नाक मुरडणारी माणसं मला आवडत नाहीत. माझी सगळी नोकरी इथल्याच लोकांच्या पट्ट्या बदलण्यात गेली. पण म्हणून अंधारात, एकट्या बाईने, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडला धावत सुटायचं? याला धाडस म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. रिक्षाने चेंबूरला जा, डायमंड गार्डनला फेऱ्या मार, घरी ये.

भाची : म्हणजे धावायला रिक्षाने जायचं आणि रिक्षाने परत यायचं. महिनाभर रोज जमेल का, पैशाने आणि वेळेने? मला आठची लोकल गाठायची असते. पण ते सोड. तू आत्ता तीन माणसं सांगितलीस. कुत्रा, डंपर आणि ब्लेड. यातल्या पहिल्या दोन गोष्टी 'वाईट वस्ती'च्या खात्यावर कशा गेल्या? 19 मार्च 2023 ला, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास, वरळी सीफेसवर एका अनुभवी मॅरेथॉन धावणाऱ्या बाईला भरधाव गाडीने उडवलं. वरळी सीफेस! रुंद पदपथ, समोर समुद्र, मागे कोटीकोटीचे फ्लॅट. जुलै 2025 मध्ये फौजा सिंग गेले, 114 वर्षांचे, शंभरी उलटल्यावर मॅरेथॉन पळालेले. कशाने गेले? जालंधरजवळच्या आपल्याच गावात रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं. 2022 या एका वर्षात देशात रस्ता अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसं मेली, त्यात जवळपास 33 हजार पायी चालणारी. रस्त्यावर धावणाऱ्याला खरी भीती चाकाची आहे, आणि चाक पत्ता विचारत नाही.

आत्या : चाक पत्ता विचारत नाही, पण चाकं जास्त कुठे फिरतात ते ठरलेलं असतं. वरळीला पहाटे गाडी येते ती पार्टीहून परतणाऱ्याची, एखादी. इथे देवनारला कचरा टाकायला रात्रभर डंपर चालू असतात, टँकर असतात, सिमेंटचे मिक्सर असतात, आणि सकाळी बंदी लागायच्या आत पोचायची प्रत्येकाला घाई. ऑगस्ट 2021 ला लिंक रोडवरचा पूल सुरू झाला तो गाड्यांसाठी. खाली चालणाऱ्याला काय मिळालं? पदपथ आहे तिथे गॅरेज, गॅरेज नाही तिथे भंगार, भंगार नाही तिथे उघडं गटार. म्हणजे तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. वरळीला एक धोका; इथे तोच धोका मोठ्या मापाने, शिवाय बाकीचे वेगळे. चांगल्या ठिकाणीही माणसं मरतात, एवढ्यावरून वाईट ठिकाण चांगलं ठरत नाही.

भाची : कबूल. म्हणूनच मी लिंक रोड फक्त ओलांडते, त्याच्या कडेने धावत नाही. धावावंच लागलं तर उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. पाठीमागून येणारा डंपर दिसत नाही, समोरचा दिसतो, आणि ड्रायव्हर झोपेत आहे की जागा हेही कळतं. कानात काही नसतं. अंगात पिवळं चमकणारं जाकीट असतं, शंभर-दोनशे रुपयांना मिळतं, रस्ता खोदणारे कामगार घालतात तेच. आणि ओलांडून मी आत वळते, शिवाजीनगरच्या रस्त्याला.

आत्या : आत! म्हणजे आगीतून फुफाट्यात.

भाची : ऐक तर. साडेपाचला तू आत कधी आलीस? ती पाण्याची वेळ असते. बायका हंडे-ड्रम घेऊन दारात असतात, पाइप कुणाच्या नळाला लागला यावरून भांडत असतात. इडलीवाले सायकलवर डबे बांधत असतात. दुधाचा टेम्पो आलेला असतो. जरीच्या कारखान्यातली पोरं रात्रपाळी संपवून चहाच्या टपरीवर उभी असतात. धुणीभांडी करणाऱ्या बायका चेंबूरला जायला निघालेल्या असतात. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईने 1961 मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावरचे डोळे, आधी रहिवाशांचे आणि मग पोलिसांचे. मला भीती कुठे वाटते सांगू? फ्रीवेच्या बाजूच्या सर्व्हिस रोडला. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला उभे ट्रक. तिथे वस्ती नाही म्हणून भीती. ज्या गर्दीला तू घाबरतेस तीच माझं कुंपण आहे.

आत्या : ते डोळे मला चांगले ओळखीचे आहेत. पण डोळे राखण करतात तसे पाळतही ठेवतात. तू त्यांच्या दृष्टीने बिल्डिंगमधली मॅडम आहेस. तुला काही झालं तर पोलीस येतील, बातमी होईल, वस्तीला ताप होईल; म्हणून तुझ्याकडे लक्ष. त्याच गल्लीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने तुझ्यासारखी ट्रॅकपँट घालून धावायला सुरुवात केली तर तेच डोळे तिच्या बापाला संध्याकाळी सगळा हिशेब देतील : कुठून कुठे गेली, कोणाशी बोलली, ओढणी होती की नव्हती. तुझं कुंपण तिच्या गळ्याचा फास असतो. मला सांग, त्या वस्तीतली एक तरी मुलगी धावताना दिसते का तुला?

भाची : दिसते. एक नाही, घोळका दिसतो. पोलीस भरतीवाल्या. लेखीच्या आधी मैदानी चाचणी असते, 50 गुणांची. मुलींना 800 मीटर, मुलांना 1600, शिवाय दोघांना 100 मीटर आणि गोळाफेक. अकादमीची फी परवडत नाही म्हणून ही पोरं रस्त्यावरच तयारी करतात. चुन्याच्या रेघा मारून अंतर मोजलेलं असतं, मोबाईलवर वेळ लावतात. मला हा रस्ता त्यांनीच शिकवला. गटारावरची कुठली फरशी पाय पडला की 'खट्' करून एका बाजूने उचलली जाते. त्या फरशीवर पाय टाकायचा नाही, सरळ उडी. कुठल्या वळणावर गर्दुल्ले बसतात. तिथे रस्त्याची बाजू दहा पावलं आधीच बदलायची, समोर गेल्यावर नाही, म्हणजे घाबरून बदलली असं दिसत नाही. नकाशात यातलं काही नसतं. तू म्हणतेस तसे डोळे जाचक असतील, पण त्या डोळ्यांसमोरच या मुली रोज पळतायत.

आत्या : आणि कोपऱ्यावर बाइक लावून कोण उभा असतो?

भाची : एकीचा भाऊ. कधी दुसरीचा मामा.

आत्या : हां. हे तू मघाशी सांगितलं नाहीस. तो सोबतीला उभा नाही, पहाऱ्याला उभा आहे. आणि त्या मुलींना परवानगी आहे ती धावायची नाही, नोकरी मिळवायची. शेवटी खाकी वर्दी दिसते आहे, पगार दिसतो आहे, म्हणून घर पाच वाजता उठतं. भरती संपली, नाव लागलं नाही, वय गेलं, की बूट माळ्यावर. त्यातलीच एखादी म्हणाली की मला काही मिळवायचं नाही, नुसतं धावायला बरं वाटतं, तर तो भाऊ उठेल पहाटे?

भाची : नाही उठणार. तिथेच तर माझं भांडण आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' 2011 मध्ये आलं, मुंबईच्या रस्त्यांवरच्या बायकांवरच. त्यांचं म्हणणं असं की बाई रस्त्यावर दिसली की ती कशाला आली याचा जाब द्यावा लागतो : भाजीची पिशवी, मूल, ऑफिसचा डबा. बिनकामाची बाई म्हणजे संशय. त्या लेखिका सुरक्षिततेची भीक मागत नाहीत, धोका पत्करायचा हक्क मागतात. कारण सुरक्षिततेच्या नावाखाली शेवटी एकच उपाय निघतो : घरात बस. तुझं डायमंड गार्डनही त्याच घराची मोठी खोली आहे.

आत्या : पुस्तक बरोबर असेल. धोका पत्करायचा हक्क मलाही पटतो. पण धोका पत्करल्यानंतरचं बिल कोण भरतं, ते बघ. वांद्र्याच्या मुलीला काही झालं तर तिच्याकडे वकील असतो, खासगी रुग्णालय असतं, चार पत्रकार ओळखीचे असतात. इथल्या बैंगनवाडीच्या मुलीला झालं तर चौकीत पहिला प्रश्न येतो, 'एवढ्या पहाटे बाहेर काय करत होतीस?' केस पेपर काढताना बाप मान खाली घालून उभा असतो. आणि दोन महिन्यांत तिचं लग्न उरकतात. मी बघितलंय हे, कॅज्युअल्टीच्या टेबलापलीकडून. हक्क सारखा, किंमत वेगळी. त्या किमतीचं गणित मांडल्याशिवाय धाडसाच्या गोष्टी करू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. आत्याचा हा मुद्दा भाचीला खोडता आलेला नाही, आणि पुढेही येणार नाही. पण ज्या किमतीबद्दल आत्या बोलते ती रस्त्याने लावलेली नाही, घराने आणि चौकीने लावलेली आहे, हे आत्याही मोकळेपणाने म्हणत नाही.)

भाची : बरं, वस्तीच्या नावाचं बोलू. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 19 एप्रिल 1989 च्या रात्री धावायला गेलेल्या एका तरुणीवर अमानुष हल्ला झाला. पोलिसांनी पाच पोरं धरली, चौदा ते सोळा वयाची, काळी आणि लॅटिनो. कबुलीजबाब काढले, शिक्षा झाल्या. 2002 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने स्वतः कबूल केलं, डीएनए जुळला, आणि पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. 2014 मध्ये शहराने त्यांना सुमारे 4 कोटी 10 लाख डॉलर भरपाई दिली. म्हणजे 'ती पोरं तसलीच' या एका समजुतीवर खटला उभा राहिला होता.

आत्या : आणि त्या मुलीवर हल्ला झाला तो खोटा होता का? बारा दिवस बेशुद्ध होती ती. तिची ती रात्र कुणाच्या समजुतीतून आली नव्हती. तुम्ही लोक वस्तीच्या बदनामीवर बोलायला लागलात की बाईचं जखमी अंग बाजूला राहतं.

भाची : बाजूला ठेवत नाही. उलट त्या जखमी अंगाचंच बोलते. चुकीची पोरं कोठडीत असताना खरा माणूस मोकळा होता, आणि त्याने त्याच उन्हाळ्यात आणखी बायकांवर हल्ले केले, एकीला ठार मारलं. चुकीचा संशय त्या पाच पोरांना भोवला आणि त्या बायकांनाही भोवला. इथे रोज काय होतं बघ. पोलिसांच्या बीट मार्शलची गाडी येते. मला बघून पुढे जाते. माझ्यामागे शंभर मीटरवर भरतीची तयारी करणारा पोरगा धावत असतो, त्याला थांबवते. नाव काय, कुठे राहतो, फोन कुणाचा. मी धावले की व्यायाम, तो धावला की कुणाचा तरी मोबाईल मारून पळाला. त्याला उद्या मी मदतीला हाक मारली तर तो थांबेल का? मी त्याच्या जागी असते तर थांबले नसते.

आत्या : हे मात्र खरं आहे. अपघात झालेल्याला उचलून आणणारी पोरं दारातच ठेवून पळून जायची. नाव विचारलं की गायब.

आता माझ्या खात्यातलं ऐक, कुत्र्यांचं. यात मी तुझं काही ऐकणार नाही. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतं, ते चोर-साव बघत नाही. टोळी दिसली की धावणं बंद, चालायचं. पाठ फिरवायची नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, ओरडायचं नाही. अंगावर आलीच तर खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. रस्त्यावरच्या कुत्र्याला तेवढं कळतं. चावलं, नुसतं ओरखडलं तरी, नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची, डिझेल, काही लावायचं नाही. लोक काय काय लावून येतात! मग त्याच दिवशी इंजेक्शन, आणि सगळा कोर्स पुरा. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही घ्यावं लागतं, ते मागून घ्यायचं. लोक दोन इंजेक्शनं घेतात, बरं वाटतं म्हणून सोडतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर डॉक्टरच्या हातात काहीच राहत नाही.

भाची : आणि टोळी जमते कुठे? मटणाच्या दुकानांसमोर, जिथे रात्रीची आतडी-पिसं सकाळी आठपर्यंत पडून असतात. 2023 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून, त्यांना जिथून पकडलं तिथेच सोडायचं असतं. ठीक. पण खायला उकिरडा तसाच ठेवला तर टोळी तशीच राहणार. म्हणजे कुत्र्याचा प्रश्न मुळात कचऱ्याचा. आणि कचरा उशिरा का उचलतात? कारण ही गोवंडी आहे. वाईट वस्ती म्हणून सोय नाही, सोय नाही म्हणून वस्ती वाईट. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व वॉर्ड सगळ्यांत तळाला होता. आणि याच वॉर्डात अणुशक्तीनगर आहे, अणुऊर्जा खात्याची वसाहत. झाडांच्या सावलीचे, खड्डा नसलेले रस्ते. गेटवर पास दाखवायचा. धावायला उत्तम जागा इथेही आहे, आत्या, फक्त भिंतीच्या आत.

आत्या : भिंत तिथे दुसऱ्या कारणासाठी आहे, ते जाऊ दे. फोनचं सांग. कुठे ठेवतेस?

भाची : कमरेच्या पट्ट्यात, टी-शर्टच्या आत. हातात धरला की बाइकवाला खेचून जातो. खेचलाच तर सोडून द्यायचा, झटापट नाही, बाइकबरोबर फरफटत जायचं नाही. खिशात ओळखपत्र, त्यावर रक्तगट, आणि शंभराची नोट. शिट्टी आहे. मिरचीचा स्प्रे सोडला. वारा उलटा असला की माझ्याच डोळ्यांत जाईल. 112 आणि बायकांसाठीचा 103 दोन्ही पाठ आहेत.

आत्या : आणि तो तुझा नकाशा, जो तू सगळ्यांना दाखवतेस? रोज तीच वेळ, तोच रस्ता, खाली फोटो.

भाची : तो बंद केला. जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपच्या नकाशावरून लष्करी तळ उघडे पडले होते, सैनिकच पळताना घड्याळ लावायचे म्हणून. घराजवळचा तुकडा आता लपवलाय. धावताना मी कुठे आहे ते फोनवर फक्त तुला दिसतं.

आत्या : मला तो निळा ठिपका हलताना दिसतो, आणि तो थांबला की माझा जीव थांबतो. तू चहा प्यायला थांबलीस की पडलीस हे ठिपका सांगत नाही. तुझी सुरक्षितता वाढली असेल, माझी झोप गेली.

शेवटचं एक. ही सगळी काळजी घेतलीस तरी छातीचं काय? जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचऱ्याला आग लागली तेव्हा कित्येक दिवस वॉर्डभर धूर होता, उपग्रहाच्या फोटोत दिसला तो. मोठी आग विझते, पण थंडीत पहाटे हवा हलत नाही, गटाराकाठी तारा जाळतात त्याचा धूर खालीच बसतो. माणसांच्या दृष्टीने तुला जी वेळ बरी, ती फुप्फुसांच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. दम्याची पोरं पहाटेच यायची आमच्याकडे.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही. थंडीत उजाडल्यावर निघावं, तर जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो, आणि तोवर शाळेच्या व्हॅन, रिक्षा, पाण्याचे टँकर, सगळं सुरू. हवा बरी होते तेव्हा रस्ता जातो. धूर असेल त्या दिवशी मी जिना चढते-उतरते. ते धावणं नाही, मला माहीत आहे. मार्च 2022 मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना दिले होते. मनात आणलं की करता येतं. पण ते रस्ते बहुतेक आधीच चालण्यासारखे होते. आमच्या लिंक रोडचा एक तास कोण देईल?

आत्या : मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तू पत्र लिही वॉर्ड ऑफिसला. रस्त्याचे दिवे नीट उजाडेपर्यंत चालू ठेवा. हलणाऱ्या फरश्या बदला, कुठल्या ते तुझ्या भरतीवाल्या मुली दाखवतील. मटणाच्या दुकानांचा कचरा रात्रीच उचला. शाळेचं मैदान पहाटे पाचला उघडा, आणि दारावर रखवालदार बाई ठेवा. खाली त्या मुलींच्या सह्या घे, त्यांच्या भावांच्या नकोत. मीही सही करते, निवृत्त परिचारिका म्हणून. धावायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला अजून पटलेलं नाही.